कानामागची वाट

आठवी ‘ब’मधल्या अरिबानं हात वर केला तेव्हा पडद्यावर एक जपानी नट होता. चुन्यासारखा पांढरा चेहरा आणि भुवयांपासून कपाळाकडे उसळत गेलेले लाल पट्टे. शिकवणाऱ्या रामहरीनं नुकतंच सांगितलं होतं, की त्यांच्या नाटकात लाल म्हणजे राग, पण शूराचा, न्यायाचा राग. दुष्टाला निळे पट्टे असतात. पोरांना ते भारी आवडलं होतं आणि मागच्या बाकांवर कोण लाल, कोण निळा याची वाटणीही सुरू झाली होती. तासाचा विषय होता ‘चेहरा रंगवण्याचा इतिहास : देशोदेशी’. उन्हाळ्याच्या सुट्टीत बसून त्यानं एकोणचाळीस चित्रं जमवली होती. इजिप्तमधलं काजळ, अमेरिकेतल्या मूळच्या लोकांचे लढाईवर जातानाचे पट्टे, चिनी नाटकातल्या कपटी माणसाचं पांढरंफटक तोंड, चेहऱ्याला पिवळा रंग लावून मुलींपुढे डोळे फिरवत नाचणारे आफ्रिकेतले वोडाबे तरुण, केरळातला हिरव्या तोंडाचा नायक. सगळं जग त्यानं सोलापुरातल्या एका चित्रकलेच्या वर्गात आणून उभं केलं होतं, आणि ही पोरगी उठून विचारत होती,

“सर, ह्याच्यात वाघ न्हाय का?”

“कसला वाघ?”

“मोहरमचा की सर. परवा चांद दिसला ना. आमचे नाना रंगवायचे वाघ. आईचे वडील. मोहोळला होते तवा.”

रामहरीच्या हातात लाकडी पट्टी होती. ती त्यानं उगाच पडद्यावरच्या जपानी नटाच्या कपाळावर टेकवली. “ते इतिहासात येत नाही,” तो म्हणाला. “ते सोंग. नवसाचं सोंग. कुणीही उठावं, अंगाला रंग फासावा आणि हलगीवर नाचावं. त्याला कला म्हणत नाहीत.”

मागून कुणीतरी गुरगुरल्याचा आवाज काढला. वर्ग खदखदून हसला. अरिबा मात्र उभीच.

“न्हाय सर, त्याला नियम असत्यात. नाना सांगत्यात, कानामागं थोडी जागा—”

“बस म्हटलं ना खाली!”

पट्टी टेबलावर आदळली आणि तिचा पुढचा तुकडा उडून पहिल्या बाकावर पडला.  अरिबा बसली. रडली वगैरे नाही. वहीच्या पानाचा कोपरा दुमडत राहिली, पुन्हा पुन्हा, बारीक बारीक. रामहरीनं पुढचं चित्र लावलं, त्यावर काय बोलला ते त्यालाही ठाऊक नव्हतं. डाव्या कानामागं, केस संपतात तिथं, नखाएवढ्या जागेत खाज सुटली होती. ती कुणाला न दिसता खाजवायची त्याला सवय होती. मान जराशी वाकवायची, विचार करतोय असं दाखवायचं, आणि अंगठा कानामागं न्यायचा. रोज आंघोळीला तो तिथं साबण दोनदा लावत असे आणि का लावतो हे त्यानं बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. मोहोळच्या कितीतरी माणसांनी वाघ रंगवले असतील. कानामागं जागा सोडणारा एकच होता.

शिक्षकांच्या खोलीत गणिताचा गुरुशांत चहा घेत बसला होता. अक्कलकोटकडचा माणूस, जीभ सैल. “काय सर, जपान हलवून सोडलात म्हणं आज. पट्टीच मोडली की!” रामहरी हसला नाही. “तुमच्या रागाला निळा रंग का लाल, ते तरी सांगा,” गुरुशांत पुढे म्हणाला, आणि त्यात काही वाईट हेतू नव्हता, तो सगळ्यांचीच अशी फिरकी घ्यायचा. पण रामहरीनं पिशवी उचलली आणि शेवटचा तास सोडून बाहेर पडला. शाळेत त्याचा राग प्रसिद्ध होता. पोरं त्याला पाठीमागं काय म्हणत असतील ते त्याला माहीत होतं. तो मारत नसे, कधीच नाही; वस्तू मोडत असे. पट्ट्या, खडूचे डबे, एकदा खिडकीची काच. राग ओसरला की मोडलेल्या वस्तूचे तुकडे स्वतः गोळा करायचा, आणि तेवढा वेळ त्याला फार शांत वाटायचं. हे त्याला स्वतःलाच किळसवाणं वाटत असे. आज मात्र तुकडा पहिल्या बाकावरच राहिला होता आणि तो गोळा करायला तो थांबला नव्हता. त्याला त्या पोरीचा राग आला होता. तिच्या सरळ उभं राहण्याचा, ‘नियम असत्यात’ म्हणण्याचा. त्याहून जास्त राग तिच्या नानाचा होता, आणि तो आजचा नव्हता.

बराच वेळ भटकून तो पोचला तेव्हा नवी पेठेत तिन्हीसांजेच्या आधीची गर्दी होती. आभाळ भरून आलेलं, पण नुसतंच. अंगाला घामाचा चिकटा. रिक्षावाले माणसांच्या पोटऱ्यांना चाक लावत वाट काढत होते. साड्यांच्या दुकानांपुढून चालताना रामहरी सवयीनं एका दुकानासमोर थांबला. बायकांच्या सामानाचं दुकान, काचेमागं तोंडाला लावायच्या क्रीमच्या ट्यूबा ओळीनं मांडलेल्या, गोऱ्यापासून सावळ्यापर्यंत. पाचव्या ओळीतली, डावीकडून तिसरी. दुकानदारीण आता त्याला विचारतही नसे, दिवाळीच्या आदल्या आठवड्यात तो दिसला की ट्यूब काढून ठेवायची. भाऊबीजेला रेश्माला साडी आणि ही ट्यूब. धाकटी बहीण, सांगोल्याला दिली होती, नवऱ्याची डाळिंबाची बाग, दोन मुलं, काही कमी नव्हतं. फक्त उजव्या गालावर हाडाच्या खाली एक खूण होती, वर चार खळगे, खाली तीन, कमानीसारखी. चार वर्षांची असताना तिथली जखम पिकली, टाके पडले, ते उसवले, पुन्हा पडले. त्या खुणेपायी तीन स्थळं परत गेली. चौथं आलं तेव्हा मायाक्का मावशीनं तिच्या तोंडाला असा जाड थर दिला होता, की पाहुणे उठून गेल्यावर तिला हसताही येईना. लग्नाला सतरा वर्षं झाली. अजूनही रेश्मा सकाळी घरात कुणी उठायच्या आत आरशापुढं बसते. तिच्या मुलांनी आईचा खरा गाल किती वेळा पाहिला असेल, हे रामहरीनं कधी विचारलं नव्हतं. तो ट्यूब द्यायचा. ती ओवाळायची आणि म्हणायची, “बरं झालं दादा, संपतच आली होती.” जगातल्या एकोणचाळीस चेहऱ्यांचा इतिहास त्याला तोंडपाठ होता, चाळिसावा तो दर दिवाळीला पिशवीत घालून नेत असे.

काचेत त्याला स्वतःचं तोंड दिसलं. शेहेचाळीस वर्षांचं, ओठ घट्ट मिटलेलं तोंड. हे तोंड कधीतरी पिवळं होतं. सातव्या वर्षी त्याला झटके यायचे, डोळे पांढरे व्हायचे, तोंडाला फेस यायचा, आणि आईनं, बजाबाईनं, मोहोळच्या मोहरमच्या पंजांपुढं पदर पसरला होता: पोरगं उठू दे, पाच वर्षं वाघ करीन त्याला. झटके थांबले. आठव्या वर्षी रामहरी पहिल्यांदा वाघ झाला. गावात हिंदूंची पोरंही नवसाचे वाघ व्हायची, त्यात कुणाला काही नवल नव्हतं. रंगवणारा इमामसाब. एरवी दुकानांच्या पाट्या रंगवायचा, मोहरमला वाघ. वाघ व्हायचं म्हणजे सकाळपासून लंगोट घालून उभं राहायचं. आधी अंगभर पिवळा, तो वाळेपर्यंत दोन्ही हात आडव्या बांबूवर टाकून ताटकळायचं, मग काळे पट्टे, मग पांढरं पोट. रंगाचा आणि रॉकेलचा वास नाकात बसायचा आणि आठवडाभर भाकरीलाही तोच वास यायचा. तोंड सगळ्यांत शेवटी. त्याला इमामसाब खारीच्या केसांचा ब्रश घ्यायचा. एवढा मोठा माणूस, पण ब्रशाचं टोक नाकपुडीपाशी आलं की त्याचाही श्वास थांबायचा. “हलू नगंस राजा,” तो म्हणायचा. त्याच्या तोंडाला बडीशेपेचा वास असायचा. पिवळा रंग चेहऱ्यावर आवळत जायचा, गाल आपले राहायचे नाहीत, आणि पोराला एकदम मोकळं वाटायचं: झटके येणारं बजाबाईचं पोरगं आता कुणाला दिसणार नव्हतं. सगळं झालं की इमामसाब डाव्या कानामागं आपलं बोट दाबून धरायचा आणि बोटाच्या कडेनं रंग फिरवायचा. बोट उचललं की तिथं नखाएवढी कातडी उघडी राहायची. “ही वाट,” तो सांगायचा, प्रत्येक वाघाला, दर साली. “माणूस हितनं माघारी येतो. हिला हात लावायचा न्हाय.” संध्याकाळी आई रॉकेलची चिंधी घेऊन बसायची तेव्हा पहिला हात तिथूनच. पिवळ्यातून कातडी रुंदावत जायची आणि रामहरी परत यायचा. हा इमामसाबच्या घरचा रिवाज होता, त्याच्या बापापासूनचा. ‘कुणीही उठावं आणि रंग फासावा,’ असं आज कोण म्हणालं होतं?

रामहरी काचेपासून दूर झाला आणि चालायला लागला. नवी पेठेच्या मागच्या अंगाला एक बोळ होता. नऊ वर्षांपूर्वी चुकून तो त्यातून गेला होता आणि एका दारावर पत्र्याची जुनी पाटी त्यानं वाचली होती: ‘पेंटर इमामसाब, मोहोळवाले.’ अक्षराला वळण तेच. त्या दिवसापासून तो लांबचा वळसा घालून बाजारात जाई. पाटीचा राग, वळशाचा राग, दर वेळी वळसा घेणाऱ्या स्वतःच्या पायांचा राग. आज पाय बोळातच वळले. त्यानं त्यांना अडवलं नाही. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं. आधी भांडायचं एवढं ठरलं होतं. का गप्प बसलात, हे विचारायचं. पस्तीस वर्षं माझ्याकडे बघून गप्प बसलात, त्याचा काय अर्थ?

कारण इमामसाबला माहीत होतं, याबद्दल रामहरीला कधी शंका नव्हती. चौथं साल. रामहरी अकरा वर्षांचा. वाळत उभा असताना चुलतभाऊ सिद्धनाथ त्याच्याभोवती फिरून आला आणि ओरडला, “ह्यो अर्धाच वाघ हाय रं! कानामागं माणूस ऱ्हायलाय!” पोरं जमली. एकेकानं वाकून कानामागं बघितलं आणि बोट लावल्यासारखं केलं. “माणूस ऱ्हायलाय, माणूस ऱ्हायलाय.”  इमामसाब तिसरा वाघ रंगवायला आत गेला होता. काळ्या रंगाची वाटी भिंतीपाशी होती. रामहरीनं अंगठा बुडवला आणि कानामागं दाबला. थंडगार लागलं. मग नाचला, असा नाचला की हलगीवाला दमला. गावात बाया लेकरांना वाघाच्या मांडीवर बसवायच्या, म्हणजे लेकराची भीती जाते म्हणे. बजाबाईनं रेश्माला बसवलं. हिरवं झबलं, दोन्ही हातांत लाल बांगड्या, वरचे दोन दात किडलेले. तिला भीती कसली, तिनं दादाला ओळखलं होतं. तिनं मागं हात घालून शेपटी धरली आणि ओढली. शेपटी सुटली. चिंध्या भरलेली, बांबूची कामटी घातलेली शेपटी तिच्या हातात आली आणि ती उंच धरून रेश्मा हसली, आणि सगळा चौक हसला, सिद्धनाथ तर गडाबडा लोळला. रामहरीनं तिचा गाल दातांत धरला. लोक म्हणाले, वाघ अंगात आला. अंगात कुणी आलं नव्हतं. झबल्याचा रंग आठवतो, बांगड्या आठवतात, गालावरच्या पावडरचा कडसर वास आणि मग जिभेवर खारट, ते सगळं आठवतं. वाघाला एवढं आठवलं असतं? सोडावं असं वाटूनही आणखी थोडं दाबलं होतं, तेही आठवतं. हे तो आजवर कुणाशी बोलला नव्हता. बजाबाईनं किंचाळत त्याचा कान पिरगाळला आणि कानामागचं काळं बघितलं. “वाट बुजीवली! इमामसाब, माज्या लेकराची वाट बुजीवलीस की रं मुडद्या!” इमामसाब धावत आला. कानामागं वाकला. मग त्यानं पोराच्या डोळ्यांत बघितलं. बराच वेळ बघितलं आणि काही बोलला नाही. रामहरीनं अंगठा मुठीत दाबून धरला होता. ती नजर त्यानं पस्तीस वर्षं जपली. याला माहीत आहे. हा सांगत नाही. हा मला टांगून ठेवतोय. त्या नजरेचा त्याला इतका राग होता, की त्या रागापुढं बाकीचं काही बघायची त्याला कधी गरजच पडली नाही. पाचवं साल त्यानं केलं नाही, घर सोडून पळून गेला त्या दिवशी. बजाबाई तीन वर्षांपूर्वी गेली, जाईपर्यंत इमामसाबला शिव्या देत होती.

दार उघडंच होतं. अरिबा गणवेशातच उंबऱ्याशी बसली होती. त्याला पाहताच ताडकन उठली. “सर, मी काय केलं न्हाय की सर.” तिचा आवाज कापत होता. वर्गात कापला नव्हता, इथं कापत होता, घरच्या दारात, आणि रामहरीला स्वतःच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं. “तुझ्यासाठी नाही आलो,” तो म्हणाला. आत पलंगावर एक म्हातारा पुढ्यात ताट घेऊन लसूण सोलत होता. एक डोळा दुधाळ झालेला. हातांना कंप होता. पाकळी दोनदा सुटायची तेव्हा तिसऱ्यांदा धरली जायची. “या सर, बसा,” तो म्हणाला. “हिची आई, मुमताज, दळण आणायला गेलीया. पोरीनं काय आगाऊपणा केला का? जबान जरा जास्त चालती तिची.”

“मी रामहरी,” तो उभ्यानंच म्हणाला. “मोहोळचा. बजाबाईचा.”

म्हाताऱ्याचे हात थांबले. कंप तेवढा चालू राहिला. “चौथ्या सालचा,” तो म्हणाला. मग, “ती पोरगी कशी हाय? बहीण तुजी. तिचं तोंड भरलं का?”

भांडायला आणलेलं सगळं राहूनच गेलं. ती चांगली आहे, सांगोल्याला असते, असं काहीतरी तो बोलला. इमामसाबनं मान हलवली. “मी येनार हुतो बघायला. धा डाव निगालो. तुजी आई दारात उभं करायची न्हाय म्हनून न्हाय आलो.” त्यानं ताट बाजूला सरकवलं. “तीन वाघ हुते त्या दिवशी. घाई लई. तुज्या कानामागं बोट ठिवलं का न्हाय, आजपातर आटवत न्हाय मला. ठिवलंच असंल, हात कवा चुकत न्हवता. पन काळं तर माज्या डोळ्यानं बघितलं. तुज्याकडं बघत हुतो मी, आटवतं का? म्हनलं ह्या लेकराच्या डोळ्यात तरी दिसंल, मी ठिवली हुती का न्हाय. काय दिसलं न्हाय. त्या दिसापासनं मानसाच्या तोंडाला ब्रश लावला न्हाय मी. पाट्या केल्या. बैलाची शिंगं केली. वाघ न्हाय. बाप वर बसून म्हनत आसंल, वाट बुजीवनारा निगाला पोरगा.”

  पस्तीस वर्षं ज्या नजरेला तो शिव्या देत आला होता ती नजर विचारत होती. नुसती विचारत होती, आणि उत्तर मुठीत दाबून तो समोर उभा होता. त्याचा राग जागच्या जागी फिरला आणि त्याला दुसरीकडे जायला जागाच उरली नाही.

“तुम्ही ठेवली होती,” तो म्हणाला.

“काय?”

“वाट. तुम्ही ठेवली होती. मी भरली. अंगठ्यानं.” आणि मग, थांबला असता तर कधीच बोलला नसता म्हणून, “आणि चावलो ते मीच. अंगात बिंगात काही आलं नव्हतं. तिनं शेपटी ओढली, लोक हसले, मला राग आला.”

इमामसाब उठला. पलंगाच्या कडेला धरून, एकेक गुडघा सरळ करत. ताट कलंडलं आणि लसूण जमिनीभर झाला. अरिबा उचलायला पुढं झाली तर त्यानं हातानंच तिला थोपवलं. तो मारेल असं रामहरीला वाटलं, मारावं असंही वाटलं. त्यानं मारलं नाही. “पस्तीस वर्सं,” तो म्हणाला. आवाज मोठा नव्हता. “चांगला हात हुता रं माजा. हितनं पंढरपुरापातर असा हात न्हवता कुनाचा. तोंडाची एक रेघ मारायला मी सास धरायचो, माहीत हाय ना तुला? तुज्याच तोंडावर मारल्यात की.” त्यानं उजवा हात रामहरीच्या डोळ्यांपुढं धरला. बोटं थरथरत होती, थांबत नव्हती. “आता आलास व्हय सांगायला? आता? ह्याचं काय करू मी?”

“नाना,” अरिबा हळूच म्हणाली.

“गप ऱ्हा.” तो पुन्हा रामहरीकडे वळला. “आन माज्यावर घातलंस ते घातलंस. वाघावर घातलंस! बाया लेकरं देत्यात वाघाच्या मांडीवर. कुनाच्या लेकराला कवा नख लागलं न्हाय. तवापासनं मोहोळात कुनी बाई वाघाजवळ लेकरू नेत न्हाय, ठाव हाय का तुला? भ्या बसलं. राग तुजा, आन नाव त्याचं.”

“चुकलो,” रामहरी म्हणाला. “माफ करा.”

“माफी?” म्हाताऱ्यानं आपला गाल त्याच्यापुढं केला, सुरकुतलेला, पांढऱ्या खुंटांचा. “बघ. हाय का हितं कायतरी? हाय का दात? मग माज्याकडं कशाला मागतोस? जिचं तोंड हाय तिच्याकडं जा. आदी तिकडं जायचं सोडून म्हाताऱ्याच्या दारात आलास, का तर हितं सोपं वाटलं. ऊठ. जा.” तो उभाच आहे हे म्हाताऱ्याच्या ध्यानात नव्हतं. “ऊठ म्हनतो ना!”

रामहरी बाहेर आला आणि पायरीवर बसला.  मागं अरिबा लसूण वेचत असल्याचा बारीक आवाज येत होता आणि म्हातारा तिच्यावर उगीचच खेकसत होता, पलंगाखालचा घे, तिकडचा घे. त्यानं मोबाइल काढला. रेश्माच्या नावापुढं तिचा फोटो होता, भाचीच्या वाढदिवसाचा, उजवा गाल कॅमेऱ्यापासून वळवलेला. प्रत्येक फोटोत ती अशीच वळलेली असे आणि घरात त्याला ‘रेश्माची पोज’ म्हणत. हे नाव त्यानंच दिलं होतं. थट्टेत. ते आठवलं आणि त्याला आपल्याच हाताला कडकडून चावावंसं वाटलं, आणि चावावंसं वाटलं हे लक्षात येऊन तो आणखी संतापला. सांगोल्याला जाऊन समोर बसून सांगू, रविवारी जाऊ, असं मनात आलं. रविवारपर्यंत त्याला स्वतःचा भरवसा नव्हता. त्यानं फोन लावला.

“दादा, बोल की,” रेश्मा म्हणाली. मागं भांडी वाजत होती. “पन लौकर बोल. शेजारच्यांची हळद हाय, तोंड करायला बसलीया. पाच मिन्टात मीच फोन लावू का?”

“नको,” तो म्हणाला. “लावू नकोस. तोंडाला काही लावू नकोस अजून. आधी ऐक.”

“काय झालं? आवाज असा का येतोय तुजा?”

“तो वाघ नव्हता, रेश्मा. वाट बुजली, वाघ अंगात आला, आई सांगायची ते सगळं खोटं. वाट मी बुजवली. मी शुद्धीत होतो. तू शेपटी ओढलीस, सगळे हसले, तूही हसलीस, म्हणून चावलो. मी.”

पलीकडे काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज आला, डबी असावी.  भांडीही थांबली.  रामहरीनं कानाला फोन इतका दाबून धरला होता की कान दुखायला लागला.

“मी वाघाला घाबरून ऱ्हायले,” रेश्मा शेवटी म्हणाली. “अजून पोरांच्या पुस्तकात वाघ आला तर पान उलटती मी. तुला कवा घाबरले न्हाय.” ती थांबली. “दर दिवाळीला तू ट्यूब आनायचास.”

“व्हय,” रामहरी म्हणाला. कितीतरी वर्षांनी त्याच्या तोंडून ‘हो’ न येता ‘व्हय’ आलं.

“सांगोल्याला ये,” ती म्हणाली. आवाजात पाणी नव्हतं, दात होते. “आत्ता निघ. असेल तशी येस्टी धर. फोनवर न्हाय, हितं माज्या म्होरं बसून, माज्या पोरांच्या म्होरं सांगायचं. मी तोंड धुवून बसती.”

तिनं फोन ठेवला. रामहरी उठला. दारात अरिबा उभी होती, ओंजळीत लसूण घेऊन, आणि काही विचारावं की नाही या विचारात. त्यानं तिला विचारलं, सांगोल्याची गाडी कुठून लवकर मिळेल, आणि तिनं सांगितलं.